शून्य मैलाच्या बाहेर

शून्य मैलाच्या दगडापासून मोजत निघालो
तर ही वाट कुठल्याच आकड्यावर येत नाही.

जुन्या टोपोशीटवर तिची तुटक रेघ,
काटोल रोडच्या डावीकडे,
कुणा मोजणीदारानं ओढलेली,
पुढच्या आवृत्तीत गाळलेली.
मी ती लाल पेन्सिलीनं पुन्हा जोडतो
या शिळावर्तुळापासून त्या शिळावर्तुळापर्यंत,
पट्टी ठेवून, सरळ.

सोमाजी कुमरे बकऱ्या थांबवून पाहतो.
"वाट का पट्टीनं निंगते जी?
ढोरं पान्याकडं जाते, तिकून पाहा."

आणि खरंच, पळसांच्या मधून
जमीन बोटभर खचलेली,
कलत्या उन्हातच दिसेल एवढी.
नाल्याशी गारगोटीच्या कपच्या,
आणि एक तांबडा अकीक,
भोक अर्धंच पाडलेलं.
कंटाळून टाकला असेल कुणी,
किंवा पुढून हाक आली असेल,
चला, उशीर होतोय.

जीपीएसवर बिंदू घेतो. वही उघडतो.
'अंतर' या रकान्यात काय लिहू?
कुठून?

सोमाजीच्या बकऱ्या तोवर
माझी रेघ सोडून पुढे गेल्यात,
एकामागे एक,
खचलेल्या जागेतून.