ओस्मुनरूद

पसारा आवरायला आमच्याकडे शब्द आहे, रिद्दे.
म्हणताना ओठ 'उ'चे करायचे आणि जीभ 'इ'ची.
बाबा तेवढेही कष्ट घेत नसत.
जिन्याखालून एकच अक्षर भिरकावत, रिद्!
आणि वर आमचे ठोकळे, मोजे, पंख न चिकटलेली विमानं
मुकाट्यानं खोक्यात जाऊन बसत.

या शब्दानं आधी जंगल तोडलंय
हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली,
आणि शेजारच्या ओदनीची तिसरी कॉफी.
म्हणाली, खोल्या कुठल्या तेव्हा. नुसते स्प्रूस.
कोणी एक ओस्मुन आला असणार,
झाडं पाडली, बुंधे जाळले,
घोड्याला दोर लावून धोंडे ओढले,
आणि जेवढा उजेड जमिनीवर पडला
तेवढ्याला आपलं नाव दिलं.
शेवटचं ते 'रूद' म्हणजे तेच गं,
तुझ्या बाबांचं ओरडणं.

आता मी आणि तोर्लाइव ते घर रिकामं करतोय.
अंगणात नगरपालिकेचा लोखंडी कंटेनर.
सोफा गेला. आईची शिलाई मशीन गेली,
आधी पाय, मग डोकं.
तळघरात कॉफीचे डबे निघाले, एकोणीस,
वाकड्या खिळ्यांनी गच्च,
प्रत्येकावर बाबांचं अक्षर: सरळ करायचे आहेत.
तोर्लाइव बराच वेळ तिथंच उभा.
म्हणाला, निदान एवढं तरी...
आणि वाक्य तसंच टाकून दिलं.
अठरा डबे गेले. एकोणिसावा त्याच्या डिकीत आहे.
बायकोला बोलू नकोस, म्हणाला.

शेताच्या कडेची दगडांची रास मात्र
कुठल्याच कंटेनरमध्ये मावणारी नाही.
तिच्याकडे बघितलं की कळतं,
आवरलेलं काहीच जात नाही,
फक्त कडेला जातं.
तिच्यावर रासबेरी माजलीय,
आत मुंगसाच्या जातीचं काहीतरी राहतं,
थंडीत पांढरं होणारं.

ओदनीनं एक सांगितलं नव्हतं,
किंवा मला ठाऊक असेल असं धरलं होतं:
दर हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते,
आणि बर्फ ओसरला की नवे धोंडे वर आलेले असतात,
खाली कुणी पोर खेळत बसल्यासारखे.
म्हणजे ओस्मुनचंही कधी आवरून झालं नव्हतं.

एप्रिल. उद्या किल्ली द्यायची,
ड्रामेनच्या एका दंतवैद्याला.
त्याला शेत नकोय, खिडकीतून दिसणारं तळं हवंय.
निघताना बुटाला काहीतरी लागलं.
मातीतून वर आलेलं एक करडं टाळकं, पावाएवढं, ओलं.
मी वाकले. का, ते विचारू नका.
नखांत माती गेली. पोटाशी धरून नेला,
राशीवर ठेवला. घरंगळला.
पुन्हा ठेवला.

मागून तोर्लाइवनं हॉर्न दिला,
एकदाच, आखूड,
जिन्याखालून यावा तसा.