अंगठा

मुहर्रकच्या बाजारात, हलव्याच्या दुकानाला पाठ लावून
माझं चार फुटी दुकान.
एकतीस वर्षं घड्याळं उघडतोय.
गुहागरला आता कुणी किल्लीचं घड्याळ वापरत नाही,
इथेही नाही; तरी येतात.

सालमीन आला तो रुमालात
एक स्टॉपवॉच बांधून.
बंद आहे का, विचारलं.
म्हणाला, चालतंय.
खोटं बोलतं का, ते बघ.

मग चहा आला, आणि तो सांगू लागला,
अर्धं अरबी, अर्धं माझ्यासाठी राखलेलं हिंदी.

बाप मोती काढायचा. नाकाला चिमटा, पायाला दगड,
एका श्वासात तळ गाठून वर.
तो धंदा बसला, बाप तेल कंपनीत पाइप रंगवू लागला,
पण श्वास कोंडायचं पोराला शिकवून ठेवलं.
"तो खाली न्यायचा, मी आडवा नेला."

धावपट्टी म्हणजे वाळूवर ओतलेलं कच्चं तेल, वरून रोलर.
दुपारी पाय चिकटायचे,
म्हणून शर्यती असरच्या नमाजानंतर.
बुटांना खिळे चांभाराने ठोकलेले;
एक आतून टोचायचा.
त्याच्याच भीतीने पाय जमिनीवर टेकत नसे, म्हणाला,
आणि स्वतःच हसला.

एकाहत्तर साल. दहा पूर्णांक सहा.
वेळ लावली पेनरोज नावाच्या इंजिनियरने.
लोकांनी खांद्यावर घेतलं,
एका व्यापाऱ्याने तांदळाचं पोतं दिलं.
मग कुवेत. तिथे तीन घड्याळं होती,
तिन्ही म्हणाली, अकराला एक दशांश कमी.
पुढच्या वर्षी अकरा.
मग मांडीचा स्नायू.
मग विमानतळावर बंबाची नोकरी, चोवीस वर्षं,
आग एकदाच, तीही कॅन्टीनमध्ये.
पेनरोज मायदेशी जाताना घड्याळ याला देऊन गेला.
तेव्हापासून हे उशाशी, आणि झोप कमी.

मी आठवडाभर तपासलं,
रात्री, एसी बंद करून.
मिनिटाला पाव सेकंद मागे.
दहा सेकंदांत त्याचं काय होणार? पिठातलं मीठ.
पण मला आमचे पाटणकर मास्तर आठवले,
खाडीपलीकडे कपडे आपटणारी बाई दाखवून म्हणायचे,
बघा, हात आधी, आवाज मागून.
शंभर मीटरला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा.

विचारलं, पिस्तूल होतं?
नाही. दोन फळ्या आपटायचे.
साहेबाने फळ्या बघितल्या, की ऐकल्या?
तो बराच वेळ बोलला नाही.
चहावर साय धरली.
"ऊन समोर होतं," म्हणाला. "त्याने छत्री धरली होती.
डोळ्यांवर."

मला वाटलं, उगाच बोललो.
पैसे नकोत म्हणालो, त्याने ऐकलं नाही.
काठी उचलली, गल्लीत गेला, पावलं मोजत,
अत्तरवाला, शिंपी, मोबाइलची तीन दुकानं,
आणि टोकाला वळून ओरडला,
कान झाक! फडक्याकडे बघ!

हलवेवाल्याच्या पोराने फडकं खाली केलं.
मी अंगठा दाबला.
सालमीन चालत आला.
वाटेत कुणी सलाम केला, त्याने घेतला नाही.

एक मिनिट, एकोणपन्नास पूर्णांक दोन.

पावतीवर लिहून दे, म्हणाला, धापा टाकत,
तारीख घाल.
शिक्का मार.