साबणावरचा ठसा

मांडवीच्या कमानीपासून चौथं दुकान,
पाटीवरचा रंग वडिलांच्या काळचा: विचारे लॉक अँड की.
आत फळ्यावर तीनशे कोऱ्या किल्ल्या,
अजून कुठल्याच दाराच्या नाहीत त्या.

आमचा धंदाच नकलेचा.
मूळ किल्ली एका चिमट्यात, कोरी दुसऱ्या,
मशीन किरकिरतं, पितळेचा भुगा मिशीत बसतो
आणि दोन मिनिटांत एकीच्या दोन होतात.
पण वडिलांचा एक नेम होता:
साबणावर ठसा घेऊन कुणी आलं
तर चहा पाजायचा, किल्ली द्यायची नाही.
"मालकाला घेऊन ये," म्हणायचे, "नाहीतर कुलूप घेऊन ये."
रावपुऱ्यातला एक जावई त्यावरून
वर्षभर आमच्याशी बोलला नाही.

गेल्या दिवाळीत भाचा म्हणाला, मामा, नेटवर या.
त्यानंच पान बनवलं. पत्ता, वेळ, फोन.
वर लावायला फोटो हवा होता;
शोधला, मिळाला:
निळं दार, पितळी कुलूप,
कुलपावर कुणाच्या तरी बोटांचा घाम अजून ओला.
बघणाऱ्याला वाटावं, आत कुणीतरी आहे.
मी म्हटलं, वा.
कुणाचा, ते विचारलं नाही.
आडनाव विचारे.

होळीच्या आधी एक मुलगी आली, फतेहगंजहून, स्कूटीवर.
बिनल. फाइन आर्ट्सला शिकलेली.
मोबाइल काउंटरवर ठेवून म्हणाली,
"काका, आ फोटो मारो छे."

मी म्हटलं, बेन, नेटवर उघडाच पडला होता.
ती म्हणाली, माझी स्कूटी पण बाहेर उघडीच उभी आहे.
मी म्हटलं, खाली तुमचं नाव टाकतो, मोठ्या अक्षरांत.
ती म्हणाली, स्कूटी नेलीत आणि तिच्यावर माझं नाव रंगवलंत,
तर मी घरी कशी जाऊ?
पण शिक्का कुठंय ह्यावर, नंबर कुठंय?
शिक्का लागत नाही, काका.
काढला त्या क्षणापासून माझा.
सिद्धपूरला तीन दिवस बसले होते त्या दारासमोर,
ऊन कडीवर यायची वाट बघत.

पंख्याच्या वाऱ्यानं फळ्यावरच्या किल्ल्या वाजत होत्या.
तळहाताला काहीतरी मऊ लागलं.
बघितलं तर काही नव्हतं,
वास मात्र लाल साबणाचा.

चहा पाजला.
फोटो त्याच दुपारी उतरवला,
आणि वापरला तेवढ्या महिन्यांचे पैसे दिले.
(थोडी घासाघीस केली, खोटं कशाला बोलू.)
मग तिनंच माझे हात काढले, मशीनवर चालताना,
आणि कागदावर लिहून दिलं:
दुकानाच्या पानासाठी, दोन वर्षं.
कॅलेंडर छापणार असाल तर पुन्हा विचारा.
कागद गल्ल्यात ठेवलाय, लक्ष्मीच्या फोटोमागे.
हल्ली तो फोटो कुणी काढला असेल,
हेही डोक्यात येतं.

पानावरच्या चार ओळी तेवढ्या माझ्या होत्या.
किल्ली हरवली की माणूस आधी खिसे चाचपतो,
मग बायकोवर ओरडतो, मग आमच्याकडे येतो, असं काहीतरी.
लिहिल्या गुजरातीत, त्यात एक चूक अस्सल मराठी.
परवा आणंदच्या एका दुकानाच्या पानावर त्याच ओळी.
चुकीसकट.
जुन्या किल्लीची झीज
नव्या किल्लीत उतरते, तशी.

आधी बरं वाटलं. मग राग आला.
भाचा म्हणतो, नोटीस ठोकू.
मी आणंदच्या बसची वेळ बघतोय.
जाईन, बसेन, माझी चूक त्याला बोटानं दाखवीन.
चहा पाजतो का, बघू.