चार अंश

मोनाहनच्या अळिंबीच्या शेडमधली रात्रपाळी सहाला सुटते.
हातमोजे काढले की आधी
मी फोनवर आईचं तळघर उघडतो.
इथं सहा, तिथं आठ.

लाटव्हियात, आलूक्स्नेच्याही पलीकडे, बर्फाखाली
सहा पोती बटाटे, वाळूत पुरलेली गाजरं,
बीटाच्या बरण्या,
आणि चौकटीला चिकटपट्टीनं बांधलेला
माझ्या हातचा सेन्सर.
डाख ओबडधोबड, तीन तारा, घर म्हणजे साबणाची डबी.
दर पाच मिनिटांनी आकडे वर धाडतो.

"वर म्हणजे कुठं?" आईनं विचारलं होतं.
ढगात, म्हणालो.
तिनं खिडकीबाहेर पाहिलं.
आठवडाभर जागचं न हललेलं राखाडी आभाळ.
"तिथं कोण बसलंय वाचायला?"

मग खरं ते सांगितलं. ढगबिग काही नसतो गं,
कुणाचं तरी मोठं तळघरच असतं ते,
कपाटांच्या रांगा, त्याही थंड ठेवाव्या लागतात.
हे तिला लगेच पटलं.
"म्हणजे उंदीर त्यांनाही चुकले नाहीत."

खातं फुकटातलं. चारच आलेख मिळतात.
तापमान निळं, ओल हिरवी, उजेड पिवळा.
चौथा रिकामाच आहे,
काय मोजावं सुचलं नाही.

निळी रेघ हिवाळाभर चारावर.
त्याखाली उतरली तर बटाटा गोडूस होतो,
शून्याखाली काळा.
पण मी निळी बघतच नाही.
तिथल्या आठला आणि पुन्हा दुपारी चारला
पिवळी टुणकन उडते:
दार, दिवा, आई.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ती उडालीच नाही.
आठ. साडेआठ. दहा.
आई फोन उचलेना.
शेजारच्या स्कैद्रीतेला उठवलं,
ती बुटांत पाय कोंबत, मला शिव्या घालत
गुडघाभर बर्फातून निघाली.

आई तिला बसथांब्यावर भेटली,
लोकरी मोज्यात गुंडाळलेला नवा बल्ब
अंड्यासारखा जपून धरलेला.
जुना आदल्या रात्री गेला होता.

नंतर स्कैद्रीतेनंच फोन केला.
"एकट्या बाईला दिवसातून दोनदा
कशाला रे लागतात बटाटे?
खोक्यावर बसून राहते ती, दिव्याखाली, कुडकुडत.
पाच मिनिटं बसायलाच हवं म्हणते,
नाहीतर ढगाला कळत नाही."

मी काही बोललो नाही.
त्याच रात्री, जेवणाच्या सुट्टीत,
पाच मिनिटांची पंधरा सेकंदं केली.
फुकटच्या खात्यात त्याहून कमी चालत नाही.
आईला कळवलं: आता बसू नकोस,
नुसतं आत डोकावलीस तरी पुरे.
"बरं," म्हणाली.

आज सकाळी आलेख मोठा करून पाहिला.
पिवळी टिंबं मोजली, एकेक, बोट लावून.

वीस.