बावन्न मिलिमीटर

खुशाली वेळीप करवत घेऊन आला
गोणपाटात गुंडाळून, आजारी वासरू आणावं तशी कुशीत.
"फणस पडलाय कुळागरात, पाच माडी दाबून," म्हणाला,
"आणि ही खोकतसुद्धा नाही."

मी दोरी ओढली.
दोरी आली, काही हरकत न घेता, नुसती आली.
आत धरून ठेवणारं काही उरलेलं नाही
हे हाताला आधी कळतं, मग डोक्याला.

उघडली.
सिलिंडरवर उभे ओरखडे, बंद दार मांजरानं खरवडावं तसे.
रिंग दोन तुकड्यांत.
क्रँकचं सील बिस्किटासारखं चुरलं बोटांत,
आणि कार्बोरेटरचा इवला पडदा
सुक्या बांगड्याच्या कातडीसारखा कडक.
नावाची पट्टी कधीच गळून पडलेली.
व्हर्नियर लावला. तो एवढंच बोलला:
बावन्न.

मडगावात काउंटरमागचा पोरगा म्हणाला,
पन्नास आहे, चोपन्न आहे,
मधलं कोण मागतं?
बेळगावला फोन लावला. "मॉडेल नंबर?"
पुसलाय.
"कंपनी?"
तीही.
"मग नवीनच घ्या हो."
हा एक पार्ट मात्र सगळीकडे मिळतो,
हवा तेवढा, फुकट.

आमच्या कुडचड्यात एके काळी
टिपरचा कुठलाही दात उधारीवर मिळायचा.
आता त्याच फळ्यांवर मोबाईलची कव्हरं लटकतात.
तरी एका दुकानामागच्या ढिगात
सुपारीवर बोर्डो मारायचा जुना पंप सापडला,
त्याच्या पोटात सील. बाहेरून अर्धा मिलिमीटर मोठं.
पॉलिश पेपरवर फिरवत बसलो रात्री साडेअकरापर्यंत,
बायको म्हणाली, भाकरीसुद्धा एवढी गोल केली नाहीस कधी.

पडद्यासाठी बेतूलला गेलो.
सिलूनं होडीच्या इंजिनाचा पडदा काढला,
माझा मेलेला पडदा वर ठेवून
ब्लेडनं कापला, श्वास रोखून,
आणि बोटं पुसत म्हणाला,
"असली करवत असोळण्याच्या रुझारनं आणलेली.
बोटीवरून. दोन आणलेल्या.
एक विकली कुणा वेळीपाला."

दुसरी?

दुसरी इस्पेरांसबायच्या मागच्या पडवीत होती,
रुझारच्या बुटांशेजारी, खिळ्याला टांगलेली,
रोज पुसलेली.
विकत मागितली तर ती काहीच बोलली नाही.
चहा दिला. बिबिंका दिली, कालची.
मी ओरखड्यांचं सांगितलं, फणसाचं सांगितलं,
खुशालीच्या बापाचं नाव सांगितलं
तेव्हा म्हणाली,
"भितल्लें व्हर. भायलें दवर."

म्हणजे आतलं ने, बाहेरचं राहू दे.

मी पडवीतच बसून काढलं:
सिलिंडर, पिस्टन, रिंग, गजन पिन, दोन सरकलिपा.
एक उडाली, ती तिनंच शोधली, कोंबडीच्या खुराड्याखाली.
मग रिकामं कवच पुन्हा आवळलं,
चारही स्क्रू,
झाकण, मूठ, पट्टा, साखळी,
आणि होतं त्या खिळ्याला लावलं.
तिनं खालून हातानं तोललं.
"हलकी जाली," म्हणाली.
मला पैसे काढायचं धैर्य झालं नाही.

बावन्न. बरोबर बावन्न, केसभरही कमी नाही.

चौथ्या ओढीला खोकली,
सहाव्याला पेटली,
निळा धूर फणसावर गेला
आणि खुशाली असा हसला की त्याचं पान सांडलं.
फणसाचा गाभा हळदीसारखा पिवळा निघाला.

पाऊस संपता संपता असोळण्याला गेलो,
फणसाची एक फळी घेऊन, पोळपाटाएवढी.
इस्पेरांसबाय कुणा शेजाऱ्याला कुंपणातून सांगत होती,
माड कापायला करवत मागत होता तो:
नाही देता येणार, ती कामावर गेलीय.
खिळ्यावरची करवत मला इथून दिसत होती.
त्यालाही दिसत असावी.
तो बरं म्हणाला, आणि गेला.

माझ्या डब्यात एक स्क्रू उरलाय.
दोन्ही यंत्रं मोजून झाली.
कुठला आहे, कळत नाही.