एकतीस कुंड्या

फेगडेबाई लेकीच्या बाळंतपणाला नाशकाला गेल्या
तेव्हा एप्रिलची चोवीस तारीख होती
आणि भुसावळात पत्रे दुपारचे स्वतःशीच तडतडत होते.
एकतीस कुंड्या त्यांनी मोजून दिल्या,
बाया ब्लाउजपीस मोजून देतात तशा.
वहीचा कागद दिला, दोन्ही बाजूंनी लिहिलेला:

अडेनियमला रोज विचारू नका, ते उन्हाचंच आहे.
जेडला पाणी म्हणजे लाड. लाड नको.
मनीप्लांटची बाटली शुक्रवारी.
क्रोटन रुसेल, पानं टाकेल, घाबरू नका.
आणि तळाशी, लाल पेनाने, खाली दोन रेघा:
फर्नला फक्त नळाचं.
बोअरचं चुकूनही नको, निकुंभभाऊ.

मी शिंपी माणूस.
मला कापड कळतं, चुणी कळते,
कोणत्या बाईचा दंड यंदा उतरला तेही कळतं.
पानांचं काय कळणार?
तरी मशीन भिंतीला सरकवलं
आणि फर्न कूलरपुढे बसवलं.
लग्नसराई. गिऱ्हाइकं निथळत मापं द्यायची
आणि वाळ्याचा गार वारा फर्न एकटं खायचं.
धरणगावची एक बाई पदराने वारा घेत म्हणाली,
'हाई काय नवरी शे का?'

मेमध्ये नळ अकरा दिवस आला नाही.
पिंपाच्या तळातलं आम्ही गाळून प्यायलो.
बाराव्या रात्री, दिवा न लावता,
मी बोअरचा एक मग कुंडीत ओतला.
मग रोजच.
कागद मशीनवरच होता,
मी तो पालथा घातला होता.

आठवड्याने कुंडीच्या काठाला पांढरी रेघ उमटली,
कात्री लावण्याआधी आम्ही खडूने मारतो तशी.
मग टोकं करपली. मग सगळंच.
हात फिरवला तर चुरा, चहाच्या पत्तीसारखा.

एसटीने जळगावला गेलो.
खिशात एक मेलेलं पान,
अस्तराला मॅचिंग शोधायला तुकडा नेतात तसं.
नर्सरीवाल्याने पान पाहिलं, मला पाहिलं,
म्हणाला, दोनशे ऐंशी.
येताना मांडीवर घेऊन बसलो,
नशिराबादपर्यंत खिडकी लावून,
बाहेरची झळ त्याला लागू नये म्हणून.
शेजारचा म्हणाला, काका, आपण माणसं आहोत इथे.

बाई जूनच्या शेवटी आल्या.
डिंकाचे लाडू दिले, नातवाचे फोटो दाखवले,
मग चष्मा लावून कुंड्या मोजल्या.
एकतीस.
फर्नपाशी थांबल्या, एक पान उलटं करून पाहिलं,
बोटाने माती उकरली.
'बरं जपलं हो,' म्हणाल्या.
त्या 'हो'ला किती वळसे होते
ते मी अजून मोजतोय.

जुनी कुंडी फेकवली नाही.
दुकानाच्या मागे, चिंध्यांच्या गोणीशेजारी ठेवली
आणि नळ आला की तिच्यात पाणी ओतत राहिलो,
खालून वाहून जाईपर्यंत,
उरलेला खार निघेपर्यंत.
का, ते विचारू नका. बायकोने विचारलं
तेव्हा मी दोरा ओवत होतो,
ओवलेलाच दोरा पुन्हा ओवत होतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मातीतून हूक वर आला.
हूकच. ब्लाउजच्या हुकाएवढा,
हिरवा, लव असलेला, आत वळलेला.

आम्ही शिवणीत अर्धा इंच माया ठेवतो,
उद्या अंग भरलं तर उसवता यावं म्हणून.
बाहेरून ती दिसत नाही,
गिऱ्हाईक तिचे पैसे देत नाही,
आणि नसली तर कापड वाया.
मी सगळं वाळलेलं पाहिलं होतं.
जीव मुळात होता.

आता कुंड्या बत्तीस.
वरचं हिरवंगार फर्न माझं, त्यांच्या घरी,
खालचं चार पानांचं त्यांचं, माझ्याकडे.
दोनदा जिना चढलो कुंडी हातात घेऊन,
दोनदा माप विसरल्यासारखा उतरलो.

काल सकाळी वरून बाईंचा आवाज आला,
'भाऊ, नळ आलाय, आधी त्याला पाजा.'
कोणाला, ते त्या बोलल्या नाहीत.
मी मग भरला.