खाली न उतरलेली बाई

जहाज धक्क्याला लागलं की माझी बस चौथी.
छत्तीस माणसं, छत्तीस टोप्या,
मानेवर पांढऱ्या मलमाचे पट्टे,
आणि खल्फान, हातात माइक, तोंडात घोटलेलं जर्मन.
मी नुसता ड्रायव्हर.
मागे वळायचं नाही, आरशातून बघायचं.

मासळीबाजार: वीस मिनिटं.
मत्राचा सूक: पाऊण तास, लोबान घासाघीस करूनच घ्यावा.
किल्ला: पायऱ्या उंच, गुडघेवाल्यांनी विचार करावा.
डोंगरावरची भलीमोठी धूपदाणी: खिडकीतूनच.
राजवाडा: बाहेरून, फोटोत शिपाई नको.
अकरा वर्षं हेच. आता बसलाही पाठ झालंय.

किल्ल्यापाशी सगळे उतरले. एक बाई उतरली नाही.
सीट नऊ. वीबके, ऐंशीच्या घरातली,
काठीला नवं रबर.
म्हटलं, मॅडम, एसी चालू ठेवतो.
म्हणाली, बंद कर. मला बंदराचा वास हवाय.

मग मोडक्या इंग्रजीत, थोड्या तिच्या, थोड्या माझ्या,
कळलं ते असं:
तीस वर्षं तिनंही हेच केलं होतं
ल्युबेक नावाच्या गावात, छत्री उंच धरून.
"दरवाजा: पंधरा मिनिटं," ती खल्फानच्याच सुरात सुरू झाली,
"दोन बुरूज, आपल्याच वजनानं चिखलात खचलेले,
एकमेकांवर कललेले, जेवण झालेल्या म्हाताऱ्यांसारखे.
सात मनोरे: मान वर करून मोजा.
बदामाची मिठाई: दुकान डावीकडे, मला कमिशन नाही."
हसली. कमिशन होतं.

आणि नदीकाठी मिठाची गोदामं.
मिठाची?
मिठाची. विटांची, उंच, जिन्यासारख्या कपाळांची.
लांबच्या गावाहून मीठ यायचं, त्यात हेरिंग मासा मुरायचा,
त्या माशावर गाव गबर झालं.
आता तिथे कपड्यांचं दुकान आहे.

मी स्टिअरिंगवरचा हात काढला.
माझी आत्या शिरोड्याच्या मिठागरात होती.
अख्खा उन्हाळा खाऱ्या पाण्यात उभी,
टाचांना भेगा, भेगांत मीठ,
रात्री खोबरेल चोळताना म्हणायची,
देवान माका मुरत घातल्यान रे, बांगडो मुरयतत तशी.
हे इंग्रजीत कसं सांगणार?
सांगितलं. सॉल्ट, आंटी, फूट, पेन.
वीबकेनं माझ्याकडे नाही, माझ्या चपलांकडे पाहिलं.

म्हणाली, तीस वर्षांत कुणी विचारलं नाही
ती पोती वाहिली कुणी.
विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.
भिंतींची सालं पाठ होती. पायांचं काही नाही.

बाजाराकडून सुक्या मुशीचा वास आला.
म्हणाली, आता तू दाखव. यादीत नसलेलं काहीतरी.

मी बोट केलं: कठड्याखाली, काळ्या खडकाच्या खळगीत,
ते पांढरं चकाकतंय ना.
भरती ओसरली, ऊन तापलं की उरतं.
विकायला नाही, तिकीट नाही.
शुक्रवारी येतो, चिमूटभर खरवडतो, डाळीत घालतो.
कंपनीचं मीठ खातो, त्याला जागतो.
हे एवढं कुणाचं नाही,
याला जागावं लागत नाही.

किती समजलं कोण जाणे.
काच पूर्ण खाली करून ती बघत राहिली,
मोबाइल पर्समध्येच.
पस्तीस माणसं घामाघूम परत आली.
खल्फाननं मोजलं, छत्तीस.
एकानं तिला कॅमेऱ्यातला किल्ला दाखवला,
तिनं शहाण्या बाईसारखी मान डोलवली.

धक्क्यावर उतरताना सगळ्यांनी डब्यात नोट टाकली.
तिनं नाही.
डब्यावर हात ठेवून म्हणाली,
आपल्यात एकमेकांकडून घेत नाहीत.

आपल्यात.

मी डबा आत ठेवला, आरसा सरळ केला,
बस धुवायला नेली.
रात्री डाळ जरा खारटच झाली.
खोलीतले कुरकुरले. मी दोनदा वाढून घेतली.